पावणेतीन मिलिसेकंदांची मुदत

"दादा, सीपीयू तर ३० टक्केच चाललाय, मग तडतड कसली?" घरी स्टुडिओ थाटलेली मुलं लॅपटॉप घेऊन येतात आणि टास्क मॅनेजर उघडून दाखवतात. तो आकडा सरासरीचा असतो, आणि आवाजाला सरासरी चालत नाही. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर ठेवला, तर साधारण दर पावणेतीन मिलिसेकंदांनी पुढचा तुकडा तयार लागतो. एक चुकला की आवाज तिथेच तुटतो, मग बाकीचा सेकंदभर प्रोसेसर रिकामा का बसलेला असेना.

चुकवणारा बहुधा तिसराच निघतो. वाय-फायचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून धरतो, किंवा बॅटरी वाचवायच्या नादात विंडोज त्याचा वेग उतरवतं. लेटन्सीमॉन नावाचं टूल चालवा, अडवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव ते सांगतं. रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद, चार्जर लावलेला, पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तडतड थांबावी म्हणून बफर १०२४ वर नेणारे पुष्कळ. मिक्सिंगला ते ठीकच आहे. पण गायक माइकसमोर उभा राहिला की म्हणतो, "माझाच आवाज मला मागून येतोय." खरंच येतो. आत जाताना एक बफर, बाहेर येताना दुसरा, म्हणजे जवळजवळ ४३ मिलिसेकंद. हवेत आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो; तेव्हा हा गायक स्वतःला चौदा-पंधरा मीटरवरून ऐकत असतो. बैठकीत दीड मीटरवर बसलेल्या तबल्याचा ठेकाही चार-साडेचार मिलिसेकंद उशिरा पोचतो, त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. शून्य लेटन्सीचा हट्ट म्हणूनच मला पटत नाही.

खरी गंमत पुढे आहे. बफर ६४ वर आणला तरी गायकाची तक्रार तीच! अशा वेळी मी आधी मास्टर ट्रॅक बघतो. तिथे लिनिअर फेज इक्यू किंवा पुढचं आधी बघून घेणारा लिमिटर बसलेला सापडतो. त्याला स्वतःलाच वेळ लागतो, आणि सगळेच ट्रॅक त्याच्यातून जात असल्यानं सगळ्यांनाच तेवढा उशीर होतो. बफरचा इथे काही संबंध नाही. मास्टरवरची सजावट मिक्सच्या वेळी लावावी. प्रोसेसरवरचा भार उतरावा म्हणून तानपुरा, पॅड यांसारखे पक्के झालेले ट्रॅक फ्रीझ करावेत. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असेल तर गायकाला तिथूनच आवाज द्यावा, कॉम्प्युटरला मध्ये घेऊच नये.

एवढं करूनही तडतड उरली, तर खुशाल नवं मशीन घ्या. फक्त कोअर किती ते मोजत बसू नका, एका कोअरचा वेग बघा. एका ट्रॅकवर ओळीनं लावलेली प्लगइन्स एकामागून एकच चालतात.