सौंदडहून घरी: भूविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासासंबंधी तीन पत्रे

पत्र पहिले
सौंदड, जि. गोंदिया



भूविज्ञानातील एम. एस्सी. ही दोन वर्षांची पदवी असून तिचा बराचसा काळ वर्गात आणि प्रयोगशाळेत जातो. तथापि क्षेत्रकार्य, म्हणजे खडक जेथे उघडा पडला असेल तेथे पायी जाऊन त्याची नोंद करणे आणि त्या नोंदींवरून नकाशा उभा करणे, हे साधले नाही तर ती पदवी पोकळच राहते. याच कारणास्तव सातारा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला धानाची कापणी आटोपल्यावर सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदडपर्यंत यावे लागते.

हे अंतर भूविज्ञानाच्या दृष्टीने केवळ किलोमीटरांत मोजण्यासारखे नाही. साताऱ्याचे डोंगर बेसाल्टचे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेल्या लाव्ह्याच्या थरांचे आहेत, आणि ते थर आजही जवळजवळ आडवेच आहेत. नागपूरच्या आसपास हा बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुनी भूमी सुरू होते. सौंदडच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर असलेल्या साकोलीच्या नावाने ओळखला जाणारा ‘साकोली गट’ हा शंभर कोटींहून अधिक वर्षे वयाच्या रूपांतरित खडकांचा समूह आहे. रूपांतरित खडक म्हणजे मूळचा गाळ किंवा लाव्हा उष्णता आणि दाब यांखाली, न वितळता, नव्या खनिजांत बदलून झालेला खडक होय. जिल्ह्यातीलच आमगावचे नाव मिळालेले पट्टिताश्म, म्हणजे फिकट आणि गडद खनिजांचे पट्टे असलेले खडक, त्याहूनही प्राचीन मानले जातात. आडव्या थरांवर वाढलेल्या डोळ्याला येथे उभे, वळलेले, घड्या पडलेले थर वाचायला शिकावे लागते, आणि ते शिकणे पुस्तकातून होत नाही.

पत्र दुसरे
सौंदड

खडक पाहणे सोपे वाटते, परंतु या प्रदेशात तो सहजासहजी दिसत नाही. बांध्या (धानाच्या शेतांचे बांध घातलेले तुकडे येथे याच नावाने ओळखले जातात) मातीने भरलेल्या असतात आणि उरलेल्या जमिनीवर झाडी असते, त्यामुळे विद्यार्थी नाल्यांचे काठ, रस्त्याकडेचे खोदकाम आणि नव्या विहिरींतून निघालेले दगडांचे ढीग धुंडाळतात. विहीर खणणाऱ्या माणसाला किती हातांवर कोणता दगड लागला हे नेमके ठाऊक असते, आणि ती माहिती वहीत उतरवून घेणे हा अभ्यासाचा कमीपणा नसून त्याचा पाया आहे.

उघडा खडक सापडला की हातोड्याने ताजा तुकडा काढून तो भिंगाखाली पाहिला जातो आणि होकायंत्राने दोन मोजमापे घेतली जातात: थराचे प्रतल आडव्या पातळीला ज्या रेषेत छेदते तिची दिशा, जिला विद्यार्थी ‘स्ट्राइक’ म्हणतात, आणि थर किती अंशांनी कोणत्या बाजूस कलला आहे ते दाखवणारा उतार, ज्याला ‘डिप’ म्हणतात. अशी शेकडो मोजमापे नकाशावर चढली की जमिनीखालची घडी आकार घेऊ लागते. नमुने पुढे प्रयोगशाळेत ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासले जातात, कारण इतके पातळ झाले की बहुतेक खडकांतून प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील खनिजे ओळखता येतात.

शेजारच्या भंडारा जिल्ह्यात सापडणारे कायनाइट हे या अभ्यासाचे फार सुंदर उदाहरण आहे. पात्यासारखे निळसर स्फटिक असलेल्या या खनिजावर लांबीच्या दिशेने पोलादी टोकाने ओरखडा उमटतो, पण आडव्या दिशेने सहसा उमटत नाही; शिवाय सिलिमनाइट आणि अँडलुसाइट ही खनिजे त्याच रासायनिक घटकांची असूनही वेगळ्या दाबाला आणि तापमानाला तयार होतात, म्हणून कोणते खनिज हाती आले यावरून तो खडक कोणत्या परिस्थितीतून गेला हे सांगता येते. भट्ट्यांच्या उच्चतापसह विटांसाठी कायनाइट वापरले जाते. भंडाऱ्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज निघते, आणि मध्य भारतातील मँगनीजयुक्त रूपांतरित खडकाला लुईस फर्मर या भूवैज्ञानिकाने येथील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले; भारतातील मँगनीजवरील त्याचा विस्तृत ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. झाडीच्या या मुलखातील लोकांचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले आहे, हे येथील शाळांमधून सांगितले गेले पाहिजे.

पत्र तिसरे
सौंदड, निघण्यापूर्वी

या पदवीने पुढे काय होते, असे घरून विचारले गेले होते. केंद्रीय लोकसेवा आयोग भूवैज्ञानिकांसाठी स्वतंत्र परीक्षा घेतो आणि तीतून निवडलेले उमेदवार १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जातात. या संस्थेच्या मध्य विभागाचे मुख्यालय नागपूरला असून भारतीय खाण ब्यूरो आणि मँगनीज काढणारी ‘मॉइल’ यांची मुख्यालयेही तेथेच आहेत. नागपूर विद्यापीठात या विषयाचा पदव्युत्तर विभाग आहे, तर आयआयटींमधील एम. एस्सी.च्या प्रवेशासाठी ‘जॅम’ ही परीक्षा द्यावी लागते.

तथापि या पत्रांच्या लेखकाला नोकरीपेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा वाटतो. येथील कठीण खडकात पाणी साठते ते केवळ वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. म्हणूनच कोहळी समाजाने पूर्वी जागोजागी पाळी (मातीचे बांध) घालून तलाव आणि बोड्या (लहान तळी) बांधल्या, ज्यांना मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५० च्या कायद्याने संपल्यावर माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव, हे नाव पडले. पाळ कोठे घालावी हे त्या बांधणाऱ्यांना जमिनीच्या उतारावरून कळत होते, आणि कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या भेगेतून कोणत्या विहिरीत उतरते हे आज याच गावांतील मुलांनी शिकून सांगावे, इतके हे काम निकडीचे आहे.

घराशेजारच्या मुलीला विज्ञानाची आवड आहे, म्हणून एक विनंती. एम. एस्सी.ला प्रवेशासाठी बी. एस्सी.ला भूविज्ञान असणे बहुधा आवश्यक असते, तेव्हा बारावीनंतर महाविद्यालय निवडतानाच तिने ते पाहावे, हे तिला सांगावे. आणि तिला एकदा आपल्या मळ्यातल्या विहिरीवर नेऊन, दोन काळ्या थरांच्या मध्ये जो तांबडा मातकट पट्टा दिसतो तो दाखवावा, कारण एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात झिजलेली ती जमीन आहे.