पोडावरची पहिली

यवतमाळ, जुलै २०२५

चि. वैशाली,

झरी जामणीच्या शाळेवर रुजू झालीस, पहिलीचा वर्ग मिळाला, वाचून आनंद झाला. पण ‘पोरं बोलतच नाहीत, मंद आहेत की काय’ ही तुझी ओळ मनाला लागली. अगं, ती कोलामांची लेकरं. पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, दिवसभर त्यांची टकळी चालू असते, कोलामीत. वर्गात फक्त मराठी चालते म्हणून ती गप्प होतात.

पहिलीपासून हिंदी नको म्हणून आपण सगळेच किती पोटतिडकीनं बोललो! शासनाचा १६ एप्रिलचा निर्णय, १७ जूनचा सुधारित आणि २९ जूनला दोन्ही मागे. सहा वर्षांच्या मुलाची आधी मातृभाषा पक्की होऊ द्या, हे म्हणणं मला आजही पुरतं पटतं. म्हणूनच ते पोडापर्यंत न्यायला हवं. कोलामाच्या लेकराला मराठीच नवी आहे, आणि ती आपण त्याला पहिल्या दिवसापासून सक्तीची केली आहे.

पुसद-दिग्रसकडच्या तांड्यावरचं बंजारा मूल गोरमाटी बोलत शाळेत येतं. ती मराठीच्याच कुळातली, त्यामुळे त्याला काहीतरी ओळखीचं सापडतं. कोलामी द्राविडी, तिची घडणच वेगळी. तिच्यात क्रियापदाचं एक रूप पुरुषांसाठी. बाई, बैल, झाड हे सगळे दुसऱ्या रूपात. आता हे मूल मराठीत येतं, तर इथे तीन लिंगं. वड तो, वेल ती, झाड ते. त्यानं ‘बाई आलं, बैल आलं’ म्हटलं, तर त्याच्या डोक्यात एक पक्का नियम चालू आहे आणि ते मूल तो नेमानं लावतंय. बुद्धी चालल्याशिवाय हे होत नाही. तिथे आपण ‘चूक’ म्हणून खाली बसवलं, की दुसऱ्यांदा ते तोंड उघडत नाही, आणि मग गणितातही मागे पडतं, कारण उदाहरणच त्याला कळलेलं नसतं.

दोन भाषा म्हणजे ओझंही नव्हे. ओडिशात मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी कंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. आपली कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुलं, फक्त ओडिया बोलणाऱ्या कंध मुलांपेक्षा भाषेबद्दल विचार करण्यात सरस ठरली. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स तर सांगतात, नव्या भाषेत गप्पा मारायला मूल वर्षा-दोन वर्षांत शिकतं. त्या भाषेत अभ्यास पेलायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणजे आपलं पोर चौथीत फाडफाड मराठी बोलतंय म्हणून धडा त्याला उमगला, असं समजू नकोस.

पालक म्हणतील, ‘मास्तरीनबाई, कोलामी तर घरीच येते, मराठी शिकवा.’ त्यांचं चुकत नाही. तालुक्याच्या कचेरीत, दवाखान्यात, बाजारात मराठीच लागते. पण तिच्यापर्यंत पोचायचं तर कोलामीवरूनच जावं लागेल. १९५६ साली घटनेत आलेलं ३५०अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं असंच सांगतं. तरीही गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच गोंडी शाळा काढली, तर मान्यता नाही म्हणून नोटीस आली. याचा मला फार राग येतो.

आणि पैनगंगेपलीकडे, आदिलाबादकडे बघ. तेलंगण वेगळं होण्याआधी, तिकडे आंध्र असताना, २००४ च्या सुमारास, आठ आदिवासी भाषांतून पहिलीची पुस्तकं निघाली. त्यांत गोंडी होती, बंजारा होती, कोलामीही होती. नदी ओलांडली की तेच लोक, तीच बोली, नात्यागोत्याची ये-जाही चालूच.

तू एवढं कर. अंगणवाडीची मदतनीस पोडावरचीच असेल, तर रोज पहिला तास तिला वर्गात बसव. गोष्ट आधी तिला कोलामीत सांगू दे, मग तू तीच मराठीत सांग. पोरांनी कोलामीत उत्तर दिलं तरी बरोबर धर. केंद्रशाळेच्या बैठकीत कुणी हटकलं तर ३५०अ सांग आणि माझं नावही सांग. आदिलाबादची ती पुस्तकं मिळतात का ते मी बघतो. लिपी तेलुगू आहे, पण तिकडे शिकलेला एखादा जावई पोडावर सापडेलच. त्याच्याकडून वाचून घेऊन देवनागरीत उतरवता येतील.

तुझा,
मामा