आईंच्या हातातला रिमोट

आमच्या सासूबाई, म्हणजे आई, शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. पण आकडे त्यांना येतात; बाजारात भाजीची पाटी घेऊन बसता बसता आलेले. त्यामुळे केबलचा रिमोट त्यांना कधी जड गेला नाही. कोणत्या आकड्यावर बातम्या, कोणत्यावर मालिका, कोणत्यावर सह्याद्री, सगळे तोंडपाठ. 2013 साली नाशिकसारख्या शहरांत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि सगळे आकडे बदलले, तेव्हाही चार दिवसांत त्यांनी नवे पाठ केले. नातवंडेच त्यांना विचारायची, "आजी, कार्टून कितीवर?"

भगिनींनो, गेल्या दिवाळीत माझ्या मुलाने घरात नेटची वायर आणली आणि केबल बंद केली. त्याचा हिशेब काही चुकीचा नव्हता. 2019च्या फेब्रुवारीत ट्रायचे नवे दर आले, तेव्हा शंभर वाहिन्यांचे 130 रुपये, त्यावर कर आणि पैशाच्या वाहिन्यांचे निराळे, असा प्रकार झाला होता. तेव्हापासून केबलच्या बिलावरून घरात कुरबुर होतीच. मुलीच्या अभ्यासाला नेट तर लागणारच. मग दोन्हींचे पैसे कशाला? मीही मान डोलावली. आईंना विचारायचे मात्र कुणाच्या ध्यानातच आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावरून आले तर आई बंद टीव्हीपुढे बसलेल्या. नव्या रिमोटवर आकडेच नव्हते! पडद्यावर चित्रांच्या रांगा, आणि नावे बहुतेक इंग्रजीत. मी दहावी झालेली, पण मलाही चाचपडावे लागले. त्यात पासवर्ड मुलाच्या मोबाईलमध्ये, आणि मुलगा सातपूरला कंपनीत, दुसऱ्या पाळीला. म्हणजे तो घरी असेल तरच टीव्ही. मी हळहळले, तर आई एवढेच म्हणाल्या, "राहू दे गं. आपल्याला उभं राहून बघायची सवय हाये."

हे वाक्य मला फार लागले. कारण त्यामागची हकिकत मला ठाऊक आहे. 1987 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागे. आई तेव्हा निफाड तालुक्यातल्या गावात होत्या. गावात संच एकच, तोही वाड्यात. आपल्या वस्तीतल्या बाया-पोरे ओट्याखाली उभी राहून खिडकीतून बघायची. आत या, असे कुणी म्हटले नाही. आणि आपण जायचे नाही, हे न सांगता ठरलेले. पुढे मामंजी नाशिकला कामाला लागले आणि हप्त्याने ब्लॅक अँड व्हाइट संच घेतला. पहिल्या दिवशी आईंनी खुर्ची बरोबर त्याच्या पुढ्यात मांडली. रिमोट आला तेव्हापासून तो त्यांच्याच उशाशी असतो.

आणि 2019 सालची गंमत तर मी विसरणार नाही. 18 मे, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, स्टार प्रवाहवर बाबासाहेबांची मालिका सुरू झाली. सागर देशमुख बाबासाहेब झाले होते, शिवानी रांगोळे रमाई. रात्री गल्लीतल्या बाया आमच्याकडे जमायच्या, आणि वाहिनी लावायचा मान आईंचा. सगळ्या आल्याशिवाय आवाज मोठा करायचा नाही, असा त्यांचा नियम! आता ज्याची त्याची मालिका ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये. कुणी येत नाही. महिन्याच्या एक तारखेला पैसे न्यायला येणारा केबलवाला पोरगाही आता नेटच्याच वायरी ओढत फिरतो. चहाला थांबत नाही, घाईत असतो. असो.

तर, मार्ग काढला तो माझ्या मुलीने. नव्या रिमोटवर एक माईकचे बटण असते. तिने भाषेच्या जागी मराठी निवडले आणि म्हणाली, "आजी, हे दाबून धर आणि काय बघायचं ते बोल." आई आधी लाजल्या. मग एकदम मोठ्याने, पलीकडच्या गल्लीत हाक मारावी तशा म्हणाल्या, "बाबासाहेबांची मालिका लाव!" पहिल्यांदा भलतेच भजन लागले, दुसऱ्यांदा कुणाचे तरी भाषण. मग मुलीने हॉटस्टार उघडून दिले (2025 पासून त्याला जिओहॉटस्टार म्हणतात) आणि तिथे सगळे भाग ओळीने सापडले.

रमाईंच्या निधनाचा भाग आईंनी मध्येच थांबवायला लावला. उठून पाणी प्यायल्या, डोळे पुसले, मग म्हणाल्या, "आता लाव." केबलवर तो भाग लागला होता तेव्हा पदरात तोंड घालून बसल्या होत्या. अर्धा बघायचा राहून गेला होता, ते आम्हाला आत्ता कळले.

पण त्यांना खरे नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. माईकवर बोलले की बोललेले शब्द पडद्यावर अक्षरांत उमटतात. आई उठून टीव्हीजवळ गेल्या. "हे मीच बोलले का?" नात म्हणाली, "हो, तूच." त्यांनी बोट लावून विचारले, "यातलं बाबा कोणतं?" नातीने दाखवले. आई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन सारखीच हायेत की!"

काल दुपारी त्या वर्तमानपत्र मांडीवर पसरून बसल्या होत्या. पेन्सिलीने तीन ठिकाणी खूण केली होती. दोन बरोबर होती. तिसरे 'वावर' निघाले.