चलान वाईचं, शपथ नेवार्कची

अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी जो अर्ज भरावा लागतो त्याचं नाव एन-४००. कुठे राहिलात, कुठे नोकरी केलीत, किती दिवस देशाबाहेर होतात, कर भरलेत का, हे सगळं विचारून झालं की एक प्रश्न येतो. अमेरिकेत किंवा जगात कुठेही, कोणत्याही कारणाने, पोलिसांनी तुम्हाला कधी अटक केली, अडवून ठेवलं, पावती किंवा समन्स दिलं, तुमच्यावर आरोप ठेवला, असं झालं आहे का? त्यातला ‘कधी’ ठळक मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. वाईसारख्या तालुक्याच्या गावात बसलेल्या वकिलाला न्यू जर्सीहून आणि टेक्सासहून जे फोन येतात, ते बहुतेक याच प्रश्नापायी.

मी वाईच्या कोर्टात वकिली करते. माझी सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची. अमेरिकेच्या कायद्यावर सल्ला देणं माझ्या अधिकारात बसत नाही. तो अर्ज तिथला इमिग्रेशन वकील भरतो. पण त्याला लागणारा कागद पुष्कळदा इकडे पडलेला असतो: जुन्या खटल्याच्या निकालाची नक्कल, दंडाची पावती, लोकअदालतीचा निवाडा. तो शोधून, काढून, शिक्क्यासह पाठवणं हे माझं काम. वाटपाचे दावे, वारसनोंदी, बांधाची भांडणं यांच्या जोडीने हे काम वाढत गेलं, कारण घराघरातली मुलं बाहेर गेली. इथून जवळच मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’चं चित्रीकरण झालं. नासातली नोकरी सोडून परत येणारा नायक २००४ साली पडद्यावर आला, तेव्हा वाईकरांनी त्याचं केवढं कौतुक केलं! खऱ्या आयुष्यातली वाट मात्र सुरूर फाट्यावरून पुण्याकडे आणि तिथून विमानतळाकडेच जाते.

फोन करणाऱ्याची भीती बहुतेक वेळा चुकीच्या जागी असते. ‘मॅडम, स्पीडिंगचं तिकीट आहे, आता सिटिझनशिप गेली का?’ असं तो विचारतो. एवढ्याने नागरिकत्व सहसा जात नाही. अर्जाच्या सूचनांतच म्हटलं आहे की प्रत्यक्ष अटक झाली नसेल, दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध नसेल आणि शिक्षा ५०० डॉलरच्या आतला दंड किंवा लायसन्सवरचे गुण एवढीच असेल, तर त्या वाहतूक प्रकरणाची कागदपत्रं जोडायची गरज नाही. गोम अशी की कागद जोडायची माफी आहे, सांगायची नाही. पुष्कळजण या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि ‘नाही’वर खूण करून मोकळे होतात.

खरा धोका त्या ‘नाही’त आहे. अर्जदाराचं चारित्र्य सर्वसाधारणपणे अर्जाआधीच्या पाच वर्षांचं पाहिलं जातं, अमेरिकन नागरिकाशी लग्न करून त्या आधारे अर्ज केला असेल तर तीन वर्षांचं. या काळात फायदा मिळवण्यासाठी शपथेवर खोटं बोललं, तर चारित्र्य चांगलं नाही असंच कायदा धरून चालतो. ते खोटं महत्त्वाच्या गोष्टीबद्दल असावं लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली कुंगीस खटल्यात तसं म्हटलं आहे. २०१७ च्या मास्लेन्याक खटल्यात त्याच न्यायालयाने थोडा दिलासा दिला: खोट्या निवेदनाचा गुन्हा लावून मिळालेलं नागरिकत्व काढून घ्यायचं, तर ते खोटं नागरिकत्व मिळण्याला कारणीभूत ठरलेलं असलं पाहिजे. पण हा दिलासा नागरिकत्व मिळून गेल्यानंतरचा. मुलाखतीच्या टेबलाशी बसलेल्याला त्याचा उपयोग नाही.

आता थकलेल्या दंडाकडे येऊ. न्यू जर्सीत वाहतुकीचं तिकीट म्युनिसिपल कोर्टात जातं. ते भरलं नाही, तारखेला हजरही राहिलं नाही, तर आधी नोटीस, मग लायसन्स निलंबित आणि पुढे अटकेचं वॉरंट. घर बदललेलं असतं, नोटीस जुन्या पत्त्यावर पडून राहते. निलंबित लायसन्सवर माणूस रोज कामाला गाडी नेतो आणि त्याला पत्ताच नसतो. मग कधीतरी मागचा दिवा बंद म्हणून पोलीस गाडी थांबवतो, संगणकात वॉरंट दिसतं आणि हातात बेड्या पडतात. मूळ दंड किरकोळ होता, पण आता अटक झाली, म्हणजे ती कागदांची माफीही गेली. हे सगळं अर्ज भरण्याआधी संपवता येतं. राज्याच्या मोटार वाहन विभागाकडून आपला ड्रायव्हिंगचा उतारा मागवायचा, त्यात दिसणाऱ्या प्रत्येक प्रकरणाचं काय झालं ते कोर्टाकडून शिक्का मारून लेखी घ्यायचं, थकलेलं असेल ते भरायचं. फक्त भरण्याआधी वकिलाला विचारायचं, कारण ऑनलाइन दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि काही कलमांखाली ती कबुली महागात पडते.

१५ ऑगस्ट २०२५ ला (आपल्या स्वातंत्र्यदिनी, योगायोगच!) अमेरिकेच्या नागरिकत्व विभागाने अधिकाऱ्यांसाठी एक सूचनापत्र काढलं. गुन्हा नाही एवढ्यावर समाधान मानू नका, माणूस समग्र पाहा, असा त्याचा रोख. चारित्र्याविरुद्ध जाऊ शकणाऱ्या वागण्याची उदाहरणं देताना बेदरकार किंवा सराईतपणे वाहतुकीचे नियम मोडण्याचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याचं तर २०१९ पासूनच कडक आहे. चारित्र्य पाहिलं जातं त्या पाच किंवा तीन वर्षांत त्यासाठी दोन शिक्षा झाल्या असतील, तर चारित्र्य चांगलं नाही असं गृहीत धरूनच सुरुवात होते. म्हणजे एका तिकिटाला कुणी भिऊ नये, पण आठ-दहांची चळत असणाऱ्याने निर्धास्तही राहू नये. ब्रिटनचा हिशेब थोडा वेगळा आहे. तिथे जागच्या जागी ठोठावलेल्या आणि वेळेत भरलेल्या दंडाकडे बहुधा दुर्लक्ष होतं. न भरल्यामुळे तो कोर्टात गेला किंवा थोड्या काळात बरेच साठले, की नडतो.

परदेशातली बाजू एवढीच. माझ्या टेबलावर येतं ते निराळंच असतं.

एका अशिलाची गोष्ट सांगते. गाव वाई तालुक्यातलं, नाव सांगत नाही. मुलगा न्यू जर्सीत, ग्रीन कार्ड होऊन पाच वर्षं उलटलेली, अर्ज भरायला बसलेला. तिथल्या वकिलाने विचारलं, भारतात काही? हा छातीठोकपणे म्हणाला, काही नाही. मग सहज म्हणून महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर आपल्या जुन्या मोटारसायकलचा नंबर टाकला. एमएच ११ ची गाडी, कॉलेजात असताना घेतलेली. जाताना ती वडिलांना देऊन गेला, नावावर मात्र करून दिली नाही. ओळीने चलानं निघाली, सगळी मालकाच्या नावाने, म्हणजे याच्या. प्रत्येकाला फोटो जोडलेला. वडील गाडीवर, डोक्याला हेल्मेटऐवजी गांधी टोपी, हँडलला दुधाची किटली. एकात मागे दोघं बसलेले, त्यातला एक शाळेच्या गणवेशात. चलानाचे मेसेज जात होते मुलाच्या जुन्या भारतीय नंबरवर, आणि तो नंबर वडिलांच्या फोनमध्ये. ‘ते बँकेचं काहीतरी येतंय म्हणून मी बघत नव्हतो, वकीलबाई,’ अण्णा म्हणाले.

कायद्याने पाहिलं तर हेल्मेटचं कलम आहे गाडी चालवणाऱ्यावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं तर चालक कोण होता ते मालकाने सांगायचं असतं. म्हणजे मुलाने नियम मोडलेलाच नव्हता. तो त्या दिवशी अटलांटिकच्या पलीकडे होता आणि पासपोर्टवरचे शिक्के त्याला साक्षी होते. पण संकेतस्थळावर नाव त्याचं. आम्ही काय केलं, तर अण्णांनी सगळी चलानं भरली, पावत्या काढल्या, आणि फॉर्म २९ व ३० वर मुलाच्या सह्या कुरियरने मागवून गाडी साताऱ्याच्या आरटीओत अण्णांच्या नावावर केली. चलानं बाकी असती तर हे हस्तांतरणही अडलं असतं. अमेरिकेतल्या वकिलाने अर्जाला चार ओळींचं निवेदन जोडलं: गाडी माझ्या नावावर, चालवत होते वडील, दंड भरले, गाडी आता माझी नाही. मुलाखतीत अधिकाऱ्याने ते वाचलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेला, असं त्याने मला कळवलं.

अशी ‘जाताना ठेवून गेलेली’ गाडी वाई, पाचगणी, भुईंज, कवठे, कुठल्या घरात नाही? जमिनीच्या उताऱ्यावर नाव लागलं नाही तर आपल्याकडे तीन पिढ्या भांडतात, पण गाडीच्या आरसी बुकावर कुणाचं नाव आहे याची कुणाला फिकीर नसते.

चलान चुकीचं असेल किंवा रक्कम जास्त वाटत असेल, तर संकेतस्थळावर तक्रार करता येते, लोकअदालतीतही जाता येतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याखाली झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा धरला जातो आणि त्यावर अपील नाही. परदेशी पाठवायला असा शिक्क्याचा निवाडा मला साध्या पावतीपेक्षा जास्त आवडतो. लोकअदालतीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात टेम्पोवाले, कॉलेजची पोरं, ट्रॅक्टरमालक सगळे रांगेत असतात, आणि त्यात हल्ली अमेरिकेतल्या मुलासाठी उभे राहिलेले एखाद-दुसरे वडीलही. काहीजण मला मुदतीचा मुद्दा काढायला सांगतात. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाला सहा महिन्यांनंतर सहसा घेता येत नाही, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि आता नागरिक सुरक्षा संहितेतही हे आहे. मुद्दा भक्कम आहे आणि वाईत राहणाऱ्या माणसासाठी मी तो मांडतेही. पण ज्याला नागरिकत्वाचा अर्ज भरायचा आहे, त्याला मी सांगते की भरून टाक. मुदतबाह्य झालेलं चलान संकेतस्थळावरून आपोआप पुसलं जात नाही, आणि परक्या देशातल्या अधिकाऱ्याला आपला मुदतीचा कायदा समजावून सांगण्यापेक्षा ‘भरले’ असा कागद दाखवणं स्वस्त पडतं.

चलानापेक्षा अवघड प्रकार म्हणजे जुन्या खटल्यांचा. इंजिनिअरिंगला सांगलीत असताना कुणाला तरी गाडी घासली, किरकोळ लागलं, भारतीय दंड संहितेचं २७९ आणि ३३७ लागलं. वडील म्हणाले, कोर्टकचेरी नको, कबूल करून टाक. मुलाने कबुली दिली, थोडा दंड भरला, कोर्ट उठेपर्यंतच्या शिक्षेसाठी संध्याकाळपर्यंत बाकावर बसला आणि एसटीने घरी आला. घरच्यांच्या लेखी तो विषय तिथेच संपला. पण गुन्ह्याची कबुली आणि त्यावर कोणतीही शिक्षा, मग ती बाकावर बसण्याची का असेना, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याने दोषसिद्धी. ती सांगावी लागते आणि निकालाची सही-शिक्क्याची प्रतही द्यावी लागते. किरकोळ फौजदारी खटल्यांची कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात. तसं झालं असेल, तर नक्कल विभागात अर्ज करून ‘रेकॉर्ड नष्ट झालं आहे’ असा लेखी शेरा घ्यायचा. तो शेरा हाही पुरावाच असतो. मराठी निकालासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि मला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे, असं भाषांतरकाराने खाली लिहून सही करायची असते. त्याला नोटरी, शपथपत्र, कॉन्सुलेट असलं काही लागत नाही. ‘करून देतो’ म्हणत यासाठी भरमसाट पैसे घेणाऱ्यांपासून सावध राहा, एवढं धंद्यातली म्हणून सांगते.

सगळं उघड मांडावं, हा सल्ला नुसता सोवळेपणाचा नाही. त्याला इतिहास आहे. सखाराम गणेश पंडित नावाचे एक वकील शंभर वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसमध्ये होते. जन्म अहमदाबादचा. १९१४ साली त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. तेव्हा ते फक्त ‘गोऱ्या मुक्त व्यक्तीं’ना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना मिळे. पंडितांच्या वंशाचा प्रश्न त्या कोर्टात उघडपणे लढवला गेला आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस गोरा नाही असं ठरवलं. थिंद यांचे वकील पंडितच होते. त्यानंतर सरकार एकेका हिंदी माणसाचं नागरिकत्व काढून घेत सुटलं आणि पंडितांवरही दावा ठोकला. तो १९२६ साली ते जिंकले. जे सरकारपुढे मांडून, भांडून एकदा ठरलं ते पुन्हा उकरता येणार नाही, हा त्यांच्या बाजूचा मुख्य आधार होता. काही लपवलं असतं तर तो आधार उरला नसता. हिंदी लोकांना नागरिकत्वाचं दार कायद्याने उघडायला पुढे १९४६ साल उजाडलं.

  

एक गोष्ट मुलाखत पास झालेले हमखास विसरतात. मुलाखत आणि शपथविधी यांच्यामध्ये पुष्कळदा काही आठवडे जातात. शपथेच्या दिवशी एन-४४५ नावाचा कागद भरून द्यायचा असतो आणि मुलाखतीनंतर कायदा मोडल्याबद्दल काही झालं का, असं त्यात पुन्हा विचारलेलं असतं, वाहतुकीच्या नियमभंगासह. आनंदाच्या भरात पार्टीहून गाडी दामटत येणाऱ्यांनी तेवढे आठवडे जपावं. तिकीट मिळालंच, तर लिहावं, पावती सोबत न्यावी आणि आपल्या वकिलाला आधी कळवावं.

या दिवाळीत परदेशातली मुलं घरी येतील. फराळ झाल्यावर दारातल्या दुचाकीचं आरसी बुक काढा आणि त्यावरचं नाव वाचा. ते मुलाचं असेल, तर तो परत जाण्याआधी चलानं भरून फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या घेऊन ठेवा. तो नेवार्कला पोचल्यावर त्याच सह्यांसाठी कुरियर करावं लागतं.