शिल्लक कमी, कपात जास्त

आमच्या मोहल्ल्यात लोक सहसा बँक बदलत नाहीत. मोबाइलचं सिम बदलतात, किराण्याचं दुकान बदलतात, वेळ आली तर मुलांची शाळाही बदलतात. पण पहिलं खातं ज्या बँकेत निघालं, तिथेच ते वर्षानुवर्षं पडून राहतं. कारण विचारलं तर तीन उत्तरं ठरलेली. तिथला शिपाई ओळखीचा आहे, पासबुक छापून देतो. पुन्हा फॉर्म भरायला आणि झेरॉक्स काढायला वेळ कुणाला आहे? आणि सगळ्या बँका सारख्याच की!

पहिल्या दोन उत्तरांवर माझं काही म्हणणं नाही. तिसरं मात्र मी यंदा दिवाळीच्या सुट्टीत वही-पेन घेऊन तपासलं, आणि ते खरं निघालं नाही.

माझं एक जुनं पगाराचं खातं नंदुरबारच्या एका खासगी बँकेत होतं. पूर्वीची शाळा तिथे पगार जमा करायची. अनुदानित शाळेत आले तेव्हा पगार दुसरीकडे जाऊ लागला. पगाराच्या खात्याला किमान शिल्लक लागत नाही, पण काही महिने पगार आला नाही की बँक त्याचं साधं बचत खातं करते. माझंही केलं. मुलाच्या क्लासची फी, विम्याचा हप्ता आणि घरातला किरकोळ ऑनलाइन व्यवहार त्यातूनच चालायचा, म्हणून खातं वापरात होतं.

बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढलं आणि बँकेने स्वतःसाठी कापलेल्या प्रत्येक रकमेखाली लाल रेघ ओढली. पाच महिने शिल्लक कमी पडली म्हणून 1,640 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 295 रुपये 20 पैसे. डेबिट कार्डाचे वार्षिक 200, जीएसटीसह 236. दर तिमाहीला एसएमएसचे 15, म्हणजे वर्षाला जीएसटीसह 70 रुपये 80 पैसे. एकूण 2,242 रुपये. त्याच वर्षात बँकेने मला दिलेलं व्याज 221 रुपये.

किमान शिल्लक म्हणजे खात्यात सतत तेवढे पैसे हवेत, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. बँक महिन्याची सरासरी काढते: रोज रात्रीची शिल्लक घ्यायची, सगळ्या दिवसांची बेरीज करायची आणि दिवसांच्या संख्येने भागायचं. माझ्या बँकेची अट 10,000 ची होती. समजा पहिले दहा दिवस खात्यात 20,000 आहेत. मग फी गेली, हप्ता गेला आणि उरलेले वीस दिवस 2,000 राहिले. सरासरी येते 8,000. तूट 2,000 ची, तिच्यावर 6 टक्के म्हणजे 120 रुपये, जीएसटी धरून 141 रुपये 60 पैसे. महिन्याच्या सुरुवातीला अटीच्या दुप्पट रक्कम असूनही दंड! पगारावर जगणाऱ्या घराचा महिना असाच चालतो, वर सुरू होतो आणि खाली संपतो.

ही अट गावागावाप्रमाणे बदलते, हेही मला यातच कळलं. रिझर्व्ह बँकेच्या वर्गीकरणात दहा हजारांपेक्षा कमी लोकवस्तीचं केंद्र ग्रामीण, दहा हजार ते एक लाख निमशहरी आणि एक लाखाच्या वर शहरी. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार एक लाखाच्या थोडं पुढे गेलं, तर शहादा, नवापूर, तळोदा एक लाखाच्या आतच राहिले. त्यामुळे एकाच बँकेच्या नंदुरबार आणि शहाद्याच्या शाखांत किमान शिल्लक वेगळी असू शकते. आपण 'शहरी' झालो याचा आनंद मानायचा की नाही, कळेना.

आता आमच्या घरातली बाजू सांगते. बँकांची तुलना करायची म्हटलं की वर्तमानपत्रं व्याजदराचा तक्ता देतात. आमच्याकडे तो तक्ता निरुपयोगी. माझ्या सासूबाई सूदचा पैसा घरात वापरू देत नाहीत. वर्षाअखेर बचत खात्याच्या व्याजाची रक्कम काढायची आणि सवाबची नियत न ठेवता एखाद्या गरजूला देऊन टाकायची, ही आमची रीत. अनेक मुस्लीम घरांत असंच चालतं. म्हणजे बँक अडीच टक्के देते की चार, याने आम्हाला फरक पडत नाही. आमच्यासाठी बँकेची किंमत म्हणजे ती कापते ती रक्कम. माझ्या त्या वर्षाचा हिशेब बघा. 221 रुपये आले ते देऊन टाकले, 2,242 गेले ते माझ्या कष्टाचे.

व्याज नकोच असेल तर चालू खातं काढा, असं कुणीतरी सुचवतं. त्यावर व्याज मिळत नाही हे खरं. पण ते व्यापाऱ्यांसाठी असतं. त्याची किमान शिल्लक आणि शुल्क बचत खात्यापेक्षा बरीच जास्त असतात. म्हणजे सूद टाळायचा तर दंड वाढवून घ्यायचा. 2008 मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची सोय असावी अशी शिफारस केली होती. पण 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. त्यामुळे जो मार्ग आहे त्यातलाच स्वस्त शोधायचा.

मी चार ठिकाणी फिरले. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट मागितली: बचत खात्याच्या शुल्काचा तक्ता. बँकेला हा तक्ता शाखेत आणि वेबसाइटवर ठेवावा लागतो. एका काउंटरवर मला माहितीपत्रक दिलं, त्यावर हसरं कुटुंब आणि सोन्याच्या कर्जाची जाहिरात. पुन्हा मागितल्यावर तक्ता मिळाला.

पोस्टाच्या बचत खात्याला 500 रुपयांची शिल्लक पुरते. आर्थिक वर्षाच्या शेवटी ती कमी असेल तर 50 रुपये कापतात. दर महिन्याची सरासरी वगैरे भानगड नाही. सरकारी बँकांमध्ये तर हवाच बदलली आहे. स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये सगळ्या बचत खात्यांची किमान शिल्लक रद्द केली. 2025 मध्ये कॅनरा बँकेने जूनपासून, तर पंजाब नॅशनल आणि बँक ऑफ बडोदाने जुलैपासून शिल्लक कमी पडल्याचा दंड बंद केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरातल्या नव्या खात्यांसाठी ही अट 50,000 वर नेली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच 15,000 वर आणली. एकाच महिन्यात, एकाच देशात कुठे शून्य आणि कुठे पन्नास हजार. तरी आपण म्हणतो, सगळ्या बँका सारख्याच.

सरकारी म्हणजे कायमची दयाळू, असंही नाही. याच स्टेट बँकेने 2017 मध्ये हा दंड पुन्हा सुरू केला होता आणि एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत 1,771 कोटी रुपये गोळा केले होते. 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत सरकारी बँकांनी मिळून या एका कारणासाठी सुमारे 8,500 कोटी कापल्याचं संसदेत सांगितलं गेलं. हे पैसे कुणाचे? ज्यांच्या खात्यात लाखभर पडून असतात त्यांचे नक्कीच नाहीत. ते माझ्यासारख्यांचे आणि आमच्या शेजारच्या खालासारख्यांचे.

खाला मिरचीच्या पथारीवर जातात. नंदुरबारची लाल मिरची लांबवर जाते, तिचे देठ खुडणारे हात अशा बायकांचे असतात. हंगाम आहे तोवर मजुरी, नंतर जे मिळेल ते. त्यांचं खाते एका खासगी बँकेत, गटाच्या कर्जाच्या वेळी उघडलेलं. लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये त्यातच येतात. खाला ते आले की काढतात, बरोबर तेवढेच. आणि तरी मूळची शिल्लक पाच महिन्यांत 1,230 वरून 640 वर आली होती. मला म्हणाल्या, "बेटी, मशीन खराब है क्या? मैं तो उतनेच निकालती।"

मशीन व्यवस्थित होतं. दर महिन्याला 118 रुपये कापले जात होते, 100 दंडाचे आणि 18 जीएसटीचे. मोबाइलवर इंग्रजीत मेसेजही आले होते. खालाला उर्दू वाचता येतं, मराठी ऐकून कळतं. इंग्रजी मेसेज म्हणजे त्यांच्यासाठी लॉटरीची जाहिरात.

2014 च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने याबद्दल नियम केले, ते 1 एप्रिल 2015 पासून लागू आहेत. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं, महिनाभराची मुदत द्यायची आणि मगच दंड लावायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. फक्त दंडामुळे खातं उणे होता कामा नये. शिवाय 2012 पासून प्रत्येक बँकेला एक मूलभूत बचत खातं द्यावं लागतं. त्याला किमान शिल्लक नाही आणि महिन्यात चार वेळा पैसे काढणं मोफत. जनधन खातीही याच जातीची. असलेलं खातंही अर्ज करून या प्रकारात बदलता येतं. अट एवढीच की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

मी खालाच्या नावाने मराठीत अर्ज लिहिला. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "मॅडम, इंग्लिशमध्ये द्या ना." मी म्हटलं, "साहेब, तुमचे फॉर्म तरी तीन भाषांत असायला हवेत, हा नियम आहे. माझा अर्ज तर महाराष्ट्राच्याच भाषेत आहे." त्यांनी तो घेतला आणि पोच दिली. तीन आठवड्यांनी शेवटच्या दोन महिन्यांचे 236 रुपये परत आले, आधीचे तीन महिने नाही. खातं मात्र मूलभूत प्रकारात गेलं. क्रमांक तोच राहिला, म्हणून योजनेच्या पैशांना धक्का लागला नाही.

या शेवटच्या गोष्टीची आपल्या जिल्ह्यात विशेष काळजी घ्या. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आज सरकारी मदतीचा जवळपास प्रत्येक रुपया आधारच्या मागे चालत येतो. तो तुम्ही सांगाल त्या खात्यात जात नाही, आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलं असेल तिथे जातो. नव्या बँकेत नुसतं खातं उघडून जुनं बंद केलं आणि आधार तिकडे जोडलंच नाही, तर हप्ता अडकतो. धडगाव, अक्कलकुव्याची माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली की सहा-सहा महिने बँकेचं तोंड पाहत नाहीत. त्यांना ही अडचण फार उशिरा कळते.

माझ्या खात्याचं मी असं केलं. आधी सरकारी बँकेत नवं खातं उघडलं. किमान शिल्लक शून्य, एसएमएस मोफत, कार्डाचे वर्षाला जीएसटीसह 177 रुपये. मग विम्याचा हप्ता, गॅसचं अनुदान, यूपीआय एकेक करून तिकडे नेलं. जुन्या खात्यात दोन महिने पुरेशी रक्कम ठेवून एखादा हप्ता मागे राहिलाय का ते पाहिलं. मग स्टेटमेंट छापून घेतलं, उरलेले चेक आणि कार्ड परत केलं, खातं बंद करण्याचा लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. वर्ष उलटलेल्या खात्याला तिथे बंद करण्याचं शुल्क नव्हतं. सगळ्याला मिळून चार चकरा आणि एक अर्ध्या दिवसाची रजा लागली. वर्षाला वाचणार 2,065 रुपये. नववीतल्या मुलाची वह्या-पुस्तकं त्यात येतात.

बँकेने ऐकलं नाही तर 30 दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीतलं औपचारिक पत्र शिकवताना पुस्तकातले विषय असतात: वृक्षारोपणासाठी रोपांची मागणी, ग्रंथालयासाठी पुस्तकांची मागणी. मुलं लिहितात, गुण घेतात आणि विसरतात. यंदा नववीला मी विषय दिला, 'बचत खात्यातून कापलेल्या रकमेचा खुलासा मागणारे पत्र शाखा व्यवस्थापकांस लिहा.' घरून पासबुक बघून या, असंही सांगितलं. चाळीस मुलांपैकी अकरा जणांच्या घरच्या पासबुकात अशी कपात सापडली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होत्या, 'व्यवस्थापक' तर चार प्रकारे लिहिला होता. मी त्या दुरुस्त केल्या आणि अकराही जणांना पत्र स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहायला लावलं. त्यातली सात पत्रं आतापर्यंत बँकेत पोहोचली आहेत, पोच घेऊन.