दोन ‘बहिष्कृत’, एक शेकोटी

घोडा, बंदूक, धुळीचा रस्ता आणि शेवटी मातीत लोळणारा खलनायक. काऊबॉय चित्रपटांची ही ठरीव चाल आपल्या वस्त्यांतही कुणाला नवी नाही. इंग्रजी कळो न कळो, मारामारी सर्वांना कळते! पण या चालीत न बसणारी एक अमेरिकन मालिका गेल्या वर्षी आम्ही घरात सर्वांनी मिळून पाहिली. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनापासून वाटले, कारण तिचे नावच आपल्या ओळखीचे आहे. ‘द आउटकास्ट्स’. म्हणजे बहिष्कृत!

हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बाबासाहेबांनी १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र काढले. तो शब्द सातासमुद्रापलीकडच्या घोडेस्वारांच्या मालिकेला कसा काय, या कुतूहलानेच आम्ही ती पाहायला बसलो. संगणकाचे काम करणाऱ्या आमच्या भाच्याने तिचे जुने भाग शोधून आणले होते. अवघड संवाद आले की तो चित्र थांबवून मराठीत सांगे.

ही मालिका अमेरिकेच्या ए.बी.सी. वाहिनीवर २३ सप्टेंबर १९६८ रोजी सुरू झाली आणि २६ भाग होऊन १९६९ मध्ये बंद पडली. तिला पुरेसे प्रेक्षक मिळाले नाहीत. पण ज्यांनी ती त्या वेळी पाहिली, त्यांच्यातले कित्येक जण आजही तिची आठवण काढतात.

कथेचा काळ आहे अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरचा. १८६१ ते १८६५ हे युद्ध चालले आणि त्याच्या शेवटी गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ते याच गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक. अशा त्या काळात जेमाल डेव्हिड नावाचा एक काळा माणूस गुलामीतून सुटून, उत्तरेच्या सैन्यात लढून पश्चिमेकडे आला आहे. अर्ल कोरी नावाचा गोरा मूळचा व्हर्जिनियाचा जमीनदार, एकेकाळी गुलामांचा मालक. युद्धात त्याचे सर्व गेले. ज्यांच्या डोक्यावर सरकारी इनाम लागले आहे असे गुन्हेगार पकडायचे आणि पोट भरायचे, या धंद्यात हे दोघे भागीदार होतात. एक कालचा गुलाम, एक कालचा मालक. दोघेही बेघर, दोघेही बहिष्कृत!

आम्हाला या मालिकेत सर्वात मोलाचे काय वाटले? तर तिने खोटी गोडी लावली नाही. दुसरा एखादा लेखक असता, तर दोन-तीन भागांत गोऱ्याचे हृदयपरिवर्तन झाले असते आणि दोघे गळ्यात गळा घालून गायले असते. येथे तसे होत नाही. दोघे एकमेकांना टोचून बोलतात, भांडतात, हातघाईवर येतात. जेमाल मागचे काही विसरत नाही आणि कोरीला विसरूही देत नाही. तरी रात्री दोघांना एकाच शेकोटीपाशी पाठ टेकावी लागते आणि संकट आले की एकाला दुसऱ्याचा जीव राखावा लागतो.

आमच्या नातीने विचारले, “आजोबा, हे दोघं शेवटी मित्र होतात की नाही?” आम्ही काही बोलण्याआधी आमची आई म्हणाली, “मित्र कशाला व्हायला पायजे? त्याच्यावाचून ह्याचं चालत नाय, ह्याच्यावाचून त्याचं. म्हणून तर तो ह्याचं ऐकून घेतोय.”

आई शाळेत गेलेली नाही, पण तिने मालिकेचे मर्म बरोबर धरले. तिला ते कळले, कारण तिच्या सासऱ्यांची, म्हणजे आमच्या आजोबांची, कहाणी तिने ऐकली होती. आजोबा मुंबईच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. साचा खात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. पण तेथे आपल्या माणसाला मज्जाव होता. धोट्यातली कांडी संपली की नवी घालून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचे सूत आम्ही तोंडाला कसे लावू, अशी इतर कामगारांची तक्रार! लाल बावटा सर्वांचा एक, संप सर्वांचा एक, पण धोटा मात्र वेगळा. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी या प्रश्नाला जाहीर वाचा फोडली. त्यांनी गोड शब्दांची भीक मागितली नाही. कामाचा हक्क मागितला. आजोबा म्हणत असत, “कुणी भाऊ म्हणू नये, पण साच्यावर उभं राहू द्यावं.” जेमालचे मागणे याहून निराळे नाही. इनामातला निम्मा वाटा आणि बरोबरीची वागणूक, बस्स!

ही मालिका कोणत्या वर्षी आली, तेही ध्यानात घेतले पाहिजे. ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि अमेरिकेची अनेक शहरे पेटली. त्यानंतर सहा महिने होण्याच्या आत, दर सोमवारी रात्री, लाखो गोऱ्या घरांतल्या पडद्यावर एक काळा माणूस कमरेला पिस्तूल लावून, मान ताठ ठेवून, आपल्या जुन्या मालकवर्गातल्या माणसाला तोंडावर सुनावत होता. त्याआधी १९६५ मध्ये ‘रॉहाइड’ या मालिकेच्या अखेरच्या पर्वात रेमंड सेंट जॅक्स हा काळा नट घोड्यावर दिसला होता. पण पहिल्या भागापासून बरोबरीचा नायक म्हणून काळा माणूस उभा करणे, हे त्या काळी धाडसच होते.

आणि यात इतिहासाची मोडतोड नव्हती, उलट इतिहासाची दुरुस्ती होती. पश्चिमेकडच्या काऊबॉयांत चारांतला एक काळा असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. गुलाम म्हणून जन्मलेला बास रीव्ह्ज हा पुढे सरकारचा डेप्युटी मार्शल झाला आणि त्याने तीन हजारांहून अधिक गुन्हेगार पकडले, असे सांगतात. चित्रपटवाल्यांनी वर्षानुवर्षे ही माणसे पडद्याबाहेर ठेवली. त्या रीव्ह्जवर मोठी मालिका यायला २०२३ साल उजाडावे लागले.

जेमाल झालेला ओटिस यंग पुढे १९७३ मध्ये ‘द लास्ट डिटेल’ या चित्रपटात जॅक निकोल्सनबरोबर दिसला. नंतर तो धर्मोपदेशक आणि शिक्षक झाला. २००१ मध्ये तो वारला. कोरी झालेला डॉन मरे २०२४ पर्यंत, ९४ वर्षे जगला.

एक वर्ष चालून बंद पडली, म्हणून ही मालिका फसली असे कुणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. ‘मूकनायक’ तरी किती वर्षे चालले? पण त्याने जे बोलून ठेवले ते बुजले नाही. खरे बोलणाऱ्याला पुष्कळदा जागा थोडी मिळते, वेळ थोडा मिळतो. तेवढ्यात त्याने काय सांगितले, हे पाहायचे असते.

तेव्हा वाचकहो, घरात मुले मोबाइलवर मारामारीचे काही पाहात असतील तर नुसते रागावू नका. जवळ बसा. यात काम कोण करतो, वाटा कुणाला मिळतो आणि कुणाला पडद्यावर उभेच केलेले नाही, एवढे तीन प्रश्न त्यांना विचारा. उत्तरे मुलेच देतील, आणि ती ऐकण्यासारखी असतील.