दाराची फळी आणि चार बेरिंगा

आमच्या धर्माबादला माणसाच्या डोळ्यांत पाणी यायला दोन कारणं पुरतात. एक मोंढ्यातली लाल मिरची आणि दुसरं घरातलं वीस वर्षांचं पोरगं. मिरचीचा निदान हंगाम असतो. पोरग्याला तो नसतो.

माझ्या बाबतीत हे पोरगं म्हणजे माझा भाचा. धाकटी बहीण गल्लीच्या त्या टोकाला राहते, पण भाचा दिवसभर आमच्याकडे. मामावर फार जीव आहे असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. आमच्या घराला ओटा आहे, आणि ओटा म्हणजे त्याच्या भाषेत ‘लोकेशन’. मी पेन्शनर माणूस संध्याकाळी त्या ओट्यावर पेपर घेऊन बसायचो. आता मला आधी विचारावं लागतं, “शूटिंग आहे का रे?” असलं तर मी आत बसतो. नसलं तरी आतच बसतो, कारण कुणी कधी कुठून मोबाईल रोखील त्याचा नेम नाही.

कंपनी चौघांची. भाचा डायरेक्टर. शिंप्याचा मुलगा कॅमेरामन, कारण घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सुईत दोरा ओवल्यामुळे त्याचा हात हलत नाही. गॅरेजवाल्याचा मुलगा सामान पुरवणार. आणि चौथा पडणारा. चौथ्याचं एवढंच काम. सायकलीवरून पडायचं, कठड्यावरून पडायचं, केळीच्या सालीवरून पडायचं. अंगानं काडी, त्यामुळे पडताना आवाजही फार होत नाही. प्रत्येक मित्रमंडळात असा एक पडणारा लागतो. आमच्या वेळीही होता, फक्त त्याचं पडणं पाहायला आम्ही पाचसातजणच असायचो.

एके दिवशी भाच्यानं स्केटबोर्ड काढला. म्हणजे नुसता विषय काढला. मला आधी वाटलं, पाट मागतोय. मग त्यानं मोबाईलवर दाखवलं. चार चाकांची फळी, तिच्यावर उभं राहून जायचं आणि मधेच उडी मारायची, फळीसकट. त्याच्या सांगण्याप्रमाणे हा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियाला निघाला, १९५० च्या आसपास. तिथली पोरं समुद्राच्या लाटांवर फळीवर उभं राहून खेळायची. ज्या दिवशी लाट नसेल त्या दिवशी करायचं काय, म्हणून फळीलाच चाकं ठोकून रस्त्यावर आली. मी म्हटलं, “अरे, त्यांच्याकडे समुद्र तरी होता. आपल्याकडे काय आहे?”

“गोदावरी हाय की, मामा.”

आता गोदावरी आहे, नाही असं नाही. पण बाभळीच्या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा निकाल आहे. म्हणजे भर पावसाळ्यात पाणी येतं ते आमच्याकडे एकदा बघतं आणि सरळ तेलंगणात जातं. त्याच्यावर लाटा कुठल्या यायच्या!

विकतचा स्केटबोर्ड आणायचा तर पैसे लागणार. पण गॅरेजवाल्याच्या मुलाकडे जुन्या बेरिंगांचा डबा होता. बेरिंगच्या गाडीचं मला कौतुक सांगू नका. आमच्या लहानपणी तीन बेरिंगा, एक फळी आणि पुढं वळवायला आडवा दांडका एवढ्या भांडवलावर आम्ही मोंढ्याच्या शहाबादी फरशीवर राज्य केलेलं आहे. मातीवर ती गाडी चालत नाही, रुतून बसते. फरशी हवी, नाहीतर सिमेंटचा रस्ता. तेव्हा सिमेंटचे रस्ते नव्हते म्हणून हमालांच्या शिव्या खात मोंढ्यात जावं लागे. आता गल्लीगल्लीत सिमेंट झालं. रस्ते झाले की उद्योगधंदे वाढतात म्हणतात, ते असे.

प्रश्न फळीचा होता. आमच्या माडीवर आजोबांच्या वेळचं सागवानी दार पडून होतं. नवीन दार बसवल्यावर जुनं का ठेवलं, हा प्रश्न मध्यमवर्गीय माणसाला विचारू नये. ‘असू दे, लागेल’ या तीन शब्दांवर आमची अर्धी माडी भरलेली आहे. तर ते दार शेवटी लागलं. एका फळीचा स्केटबोर्ड झाला आणि उरलेल्या दाराचा उतार. आमच्या गल्लीला उतार असा नाही, म्हणून दार ओट्याला तिरकं टेकवायचं आणि त्यावरून खाली सुटायचं. निजामाच्या राजवटीत ज्या दारानं रझाकारांच्या धास्तीनं आतून दोनदोन अडसर सोसले, त्याच्यावरून हा पडणारा दिवसातून वीस वेळा खाली येऊ लागला. आणि तो आवाज! पीठगिरणीत भांडण लागलं तर येईल तसा. समोरच्या आजींना बरेच दिवस वाटत होतं की नवीन गिरणी निघाली. त्या एकदा डबा घेऊनही आल्या.

माझ्या बहिणीला हे मुळीच पसंत नव्हतं. “ह्यो काय खेळ हाय का?” तिनं विचारलं. भाच्यानं लगेच सुनावलं, की टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, हा खेळ होता आणि जपानच्या मोमिजी निशिया नावाच्या तेरा वर्षांच्या पोरीनं त्यात सुवर्णपदक मिळवलं. बहीण म्हणाली, “तिनं तिच्या मामाचं दार फोडलं होतं का?” याला डायरेक्टरकडे उत्तर नव्हतं.

पडण्याचा कंटाळा आला की ही मंडळी लोकांची गंमत करायची. पाचशेची नोट, तिला काळा दोरा, दोऱ्याचं टोक खिडकीत. एका सकाळी मी दूध आणायला निघालो. दारासमोर नोट. आता पन्नास वर्षांपूर्वी हाच खेळ आम्ही पाकिटाला दोरा बांधून खेळत होतो. तेव्हा मी वाकलो तो लोभानं नव्हे, नोट कुणाची हरवली याच्या काळजीनं वाकलो. नोट सरकली. मी सरकलो. नोट पुन्हा सरकली. असे आम्ही दोघं शेजारच्या नळापर्यंत गेलो. त्या दिवशी संध्याकाळी निजामाबादहून मेहुण्याचा फोन आला, “दाजी, कंबर बरी झाली म्हणायची!” तीन हजार लोकांनी माझी पाठ पाहिली होती. नोकरीत बत्तीस वर्षं काढली, निरोप समारंभाला माणसं होती चोवीस.

मी काही रागावलो नाही. उलट चौघांना ओट्यावर बसवून माहिती दिली. सिनेमाचा जन्मच मुळी टवाळकीत झालेला आहे. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये एक चित्रपट काढला, मिनिटभराचाही नाही. माळी नळीनं झाडांना पाणी घालतोय. एक पोरगं मागून येऊन नळीवर पाय देतं. पाणी बंद. माळी नळीत डोकावतो, पोरगं पाय काढतं, पाणी थोबाडावर. झाला सिनेमा! म्हणजे हसवण्यासाठी काढलेला जगातला पहिला सिनेमा हाच, आणि त्यात दुसरं काय आहे? माझ्या नोटेसारखाच प्रकार. आणि आपल्याकडे तरी काय? सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईत काय टिपलं, तर दोन पैलवानांची कुस्ती. एक पाडणारा, एक पडणारा.

भाचा म्हणाला, “मामा, त्यांचे सबस्क्रायबर किती होते?”

मग मी मालेगावचं सांगितलं. आमच्या गावाहून मराठवाडा एक्स्प्रेस मनमाडला जाते, तिथून मालेगाव काही लांब नाही. तिथं नासिर शेख नावाच्या गृहस्थांनी घरचाच कॅमेरा, गावचीच माणसं घेऊन ‘शोले’ काढला. घोडे परवडेनात म्हणून डाकूंना सायकली दिल्या. पुढं सुपरमॅनही काढला. यंत्रमागावर काम करणारा एक सडपातळ माणूस सुपरमॅन झाला. त्या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, जगभर पाहिला गेला. हे मात्र पोरांनी कान देऊन ऐकलं. पडणाऱ्यानं विचारलं, “सडपातळ म्हणजे माझ्यासारखा?” मी हो म्हटलं. तो बराच वेळ आपल्या दंडाकडे बघत होता.

तसा कॅमेरा आमच्या गावाला नवा नाही. २०१० च्या जुलैमध्ये चंद्राबाबू नायडू बाभळी बंधारा बघायला आपले आमदार घेऊन आले, त्यांना अटक झाली आणि इथल्या आयटीआयच्या इमारतीत ठेवलं, तेव्हा धर्माबाद टीव्हीवर दिवसरात्र दिसत होतं. पण तेव्हा दिसले ते पुढारी आणि पोलीस. गल्लीतलं पोरगं पडलं तर ते दिसायची सोय त्यानंतर झाली. २०१६ मध्ये इंटरनेट स्वस्त झालं, टिकटॉक आलं, आणि २९ जून २०२० ला सरकारनं बंद केलं. दुसऱ्या दिवशी भाचा जेवला नाही. घरात मयत झाल्यासारखे तिघेजण येऊन बसून गेले. मग दुसरी दुकानं निघाली आणि सुतक फिटलं.

या पडणाऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. वडील नाहीत. आई मिरचीच्या कामाला जाते, देठं खुडायला. संध्याकाळी घरी आल्यावर हात असे भगभगतात, की पोराच्या तोंडावरून हात फिरवायचा तरी मनगटाच्या मागच्या बाजूनं. पोरगं पोलीस भरतीची तयारी करतं. पहाटे उठून पळतं. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. दिवसा अभ्यास, संध्याकाळी पडणं. एकदा कंपनीनं बासरच्या रेल्वे पुलावर जाऊन शूटिंग करायचा बेत केला. मी रेल्वे कायद्याचं १४७ वं कलम ऐकवलं, सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड. कुणी ऐकेना. पडणारा म्हणाला, “केस झाली तर भरतीला चालत नाही,” आणि बेत तिथंच संपला. डायरेक्टरचं नाव होतं, पण कंपनीत शहाणा माणूस तोच.

आणि हात त्याचाच मोडला. पुलावर नाही, गाडीवर नाही. आमच्या ओट्यावरून, त्या दारावरून, स्केटबोर्डसकट उडी मारताना. मनगटाच्या वर. डॉक्टरांनी प्लॅस्टर घालून सहा आठवडे सांगितले. त्यानंतरही गोळा उचलायचा तो जपून. भरतीचा गोळा सव्वासात किलोचा असतो, आणि भरती त्या दोनतीन महिन्यांत निघणार अशी बोलवा होती.

व्हिडिओ चढवला. तो म्हणे चाळीस हजार लोकांनी पाहिला. खाली हसणारी तोंडं, रांगच्या रांग. भाचा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, काढून टाकतो. तर पडणारा उसळला. “हात माझा मोडला का तुझा? राहू दे. चाळीस हजार माणसांनी मला आजवर कधी बघितलं बे?”

यावर मी काय बोलणार? माझे तर तीनच हजार.

चवथ्या दिवशी त्याची आई आली. ओट्याच्या खाली उभी राहिली. “भाऊ, लोकं म्हनायलेत माझ्या पोराचा सिनेमा आलाय. मला बी दाखवा.” भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दाखव. पण त्यानं चढवलेला दाखवला नाही. मूळचा काढला, न कापलेला. तो मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

पहिले दहाअकरा सेकंद सगळ्यांनी पाहिलेले. खर्रर्र, उडी, धप्प. मग शिंप्याच्या मुलाचा न हलणारा हात हलला आणि मोबाईल खाली पडला. पुढं नुसतं आभाळ. एक विजेची तार, आमच्या घराचा पन्हाळ, आणि आवाज. “उठ ना बे.” “हलवू नको, हलवू नको त्याला.” “आयला सांगू नका.” कुणीतरी हुंदके देत होतं. चांगली दोन मिनिटं ते आभाळ चाललं होतं.

“रडायलंय कोन?” तिनं विचारलं.

भाचा भिंतीकडे बघू लागला. “तिघंबी, मावशी.”

“आन्‌ हा?”

तेवढ्यात मोबाईलमधून त्याचा आवाज आलाच. कण्हत, पण स्पष्ट. “आला का रे नीट?”

बाई पदर तोंडाला लावून हसली की रडली, ते मिरचीच्या हातांमुळे कळायला मार्ग नव्हता. मग तिनं भाच्याच्या पाठीत एक दणका घातला, मनगटाच्या मागच्या बाजूनं नव्हे, चांगला उघड्या पंजानं, आणि डॉक्टरचे पैसे कुणी दिले म्हणून विचारलं. तेव्हा कळलं की शिंप्याच्या मुलानं मोबाईलचं तिकाटणं आणि तो गोल दिवा विकला होता, गॅरेजवाल्याच्या मुलानं बापाकडून महिन्याची उचल घेतली होती, आणि आमच्या डायरेक्टरनं काय केलं ते त्यानं सांगितलं नाही. पण त्याच्या बोटातली मुंजीतली अंगठी बरेच दिवस दिसलेली नाही. बहिणीच्या हे अजून लक्षात आलेलं नाही. हा लेख ती वाचणार नाही अशी आशा आहे.

प्लॅस्टर निघालं. भरती पुढं गेली. सरकारी कामं लांबतात याचा फायदा क्वचित कुणाला होतो, त्यातला हा एक. आता रोज संध्याकाळी चौघे मोकळ्या मैदानावर असतात. एक गोळा टाकतो, एक टेप धरतो, एक वहीत लिहितो, एक पळत जाऊन गोळा आणतो. खरा गोळा महाग म्हणून सुरुवात हलक्या वजनानं करायची ठरली, आणि तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातला वरवंटा दिसेनासा झालाय. सौभाग्यवती रोज विचारते. परवा मैदानावर गेलो तेव्हा मी त्याला ओळखलं, पण पोरगं फेकण्याच्या पवित्र्यात उभं होतं, म्हणून बाजूला थांबलो. आठ मीटर तीस. भाच्यानं वहीत लिहिलं. चटणी सध्या मिक्सरमधली खातो.